नव्या ग्राहकाचं स्वागत

कपाटात एक पांढरा डबा. त्याच्यावरचा दिवा हिरवा असायला हवा. तो लाल आहे.

*

सेंट निकोलस चर्चच्या सभागृहातल्या फळ्यावर, शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात:
आवाज चढवू नका.
समोरच्याचं नाव विचारून घ्या.
'मी सोडून जाते' म्हणा आणि गप्प बसा.
आजारपण सांगू नका.

*

ब्रॉडबँडचा करार संपला की महिन्याच्या सत्तावीस पौंडांचे अठ्ठेचाळीस होतात. तीच तार, तोच वेग, तोच डबा. पलीकडच्या गल्लीत आज नव्यानं येणाऱ्याला तेच चोवीसला मिळतं.

*

गळ्यातल्या दोरीला लाल बटण. म्हातारी ते ब्लाउजच्या आत सरकवते. बाहेर दिसलं की माणसं आपल्याशी हळू आणि मोठ्यानं बोलायला लागतात, असं तिचं म्हणणं.

*

"या लाइनवर तब्येतीचा, मदत मागण्याचा असा काही गजर जोडलेला आहे का?"

"नाही. तसलं काही नाही."

*

विनिफ्रेड गॉर्स्ट सापडली ती सोमवारी सकाळी.

शेजारची बेरिल रिमर शनिवार-रविवार कार्लाइलला मुलाकडे गेली होती. परत आल्या आल्या ती जिंजरब्रेडची वडी घेऊन मागच्या दारानं आत शिरली. किल्ली तिच्याकडेच असायची. न्हाणीघराच्या उंबऱ्यात विनिफ्रेड आडवी होती. मांडीचं हाड मोडलेलं. हाताला लागलेलं पायपुसणं अंगावर ओढून घेतलेलं, जेवढं पुरलं तेवढं. अंगठा लाल बटणावर.

बर्नडेट कार्डवेल दुपारी आली. पूर्वी ती पोलिसात होती. आता कोरोनरच्या कचेरीत, म्हणजे अचानक मेलेल्यांचा हिशेब जिवंतांकडून मागणाऱ्या कचेरीत. फ्लीटवुड तिचंच गाव. या बैठ्या घरांच्या रांगेत तिची मावशी राहून गेली होती.

तिनं कपाट उघडलं. लाल दिवा पाहिला. मग फोन सुरू केले.

बटण दाबलं की कपाटातला डबा ब्रॉडबँडवरून नियंत्रण कक्षाला हाक मारायचा आणि तिथली मुलगी त्या डब्यातूनच बोलायची. शुक्रवारी दुपारी लाइन बंद झाली. डबा गप्प झाल्याचं कक्षाला कळलंही होतं. त्यांनी नियमाप्रमाणे विनिफ्रेडच्या घरी फोन लावला. घरचा फोन त्याच लाइनवर होता. मग त्यांनी बेरिलच्या घरी लावला. बेरिल कार्लाइलच्या गाडीत होती. दोन्ही प्रयत्नांची नोंद झाली, आणि नोंद झाली की काम झालं.

लाइन कोणी बंद केली?

कंपनीतला माणूस मऊ आवाजात बोलला. झाल्या गोष्टीचं आम्हाला अतिशय दुःख आहे, म्हणाला. मात्र मिसेस गॉर्स्ट यांनी महिन्याभरापूर्वी स्वतः फोन करून सेवा सोडली होती. जन्मतारीख बरोबर, परवलीचा शब्द बरोबर, नोंदवलेल्या नंबरवरूनच फोन. गजराबद्दल त्यांना विचारलं होतं, उत्तरही आहे. एकच फोन झाला, त्याचं ध्वनिमुद्रण पाठवतो.

ते संध्याकाळी आलं. मुलगी लॉर्ना लीड्सहून पोहोचली होती. आईच्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसून तिनं ते ऐकलं. म्हाताऱ्या बाईचा बारीक, थोडा कापरा आवाज. दर फार वाढलाय, हे बरोबर नाही, मी सोडून जाते. मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ की लॉर्नाला वाटलं फोन तुटला. मग कंपनीच्या मुलाचा आवाज: ठीक आहे, तुमची सेवा बंद करण्यासाठी नोंदवतो. पुन्हा शांतता, याहून लांब. मग गजराचा प्रश्न, 'नाही'चं उत्तर, बंद होण्याची तारीख. तिथं ध्वनिमुद्रण खटकन संपलं.

"ही आई नाही," लॉर्ना म्हणाली.

"नक्की?"

"आईचा आवाज कापरा नव्हता. तिनं माशांच्या गोदीवर चाळीस वर्षं ओरडून भाव केलेत." ती थोडं थांबली. "पण तुमच्या साहेबांना हे पटेल का?"

पटणार नव्हतं, हे बर्नडेटला माहीत होतं. मुलीला आपली आई ओळखू येत नाही असं कोण म्हणेल. मुलीला ओळखायचं नाही, असं म्हणतील.

"म्हणजे ते लिहिणार की ती भ्रमिष्ट झाली होती. जीव वाचवणारी तार आपल्याच हातानं तोडली. आणि भ्रमिष्ट आईला मुलीनं एकटं ठेवलं होतं." लॉर्नानं टेबलावरचा जिंजरब्रेड बाजूला सारला. "गेल्या वर्षी मला सगळे सांगत होते, तिला आश्रमात ठेव. तीच नको म्हणाली. मी तिचं ऐकलं. ती शहाणी होती म्हणून ऐकलं. ती शहाणी नव्हती असं ठरलं, तर मग मी काय केलं?"

बर्नडेटनं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं. ती त्या दोन शांततांचा विचार करत होती. घाबरलेलं माणूस शांतता भरून काढतं. ही बाई वाट पाहत होती. कसली?

*

गुरुवारी दारासमोर व्हॅन उभी राहिली.

पांढऱ्या दाढीचा तंत्रज्ञ उतरला, हातात रंगीत खोका. मिसेस टॉमलिन्सन इथंच राहतात का, त्यानं विचारलं. नवीन जोडणी आहे.

लॉर्ना दारात तशीच उभी राहिली. टॉमलिन्सन हे आईचं माहेरचं नाव. साठ वर्षं कोणी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती.

खोक्यावर छापलं होतं: स्वागत आहे.

लॉर्नानं खोका घेतला, कारण माणूस तो पुढे करून उभा होता. मग तिनं त्याला सांगितलं. तो बिचारा टोपी काढून पावलं मागं घेत गेला. बर्नडेटनं त्याला फाटकाशी गाठलं. नवी जोडणी कधी मागवली? त्यानं पाहून सांगितलं. ज्या बुधवारी जुनी लाइन सोडली त्याच संध्याकाळी, संगणकावरून. संपर्काचा नंबर? तोच, ज्यावरून पहिला फोन झाला होता.

"तुमच्या आईला संगणक यायचा?" बर्नडेटनं आत येऊन विचारलं.

"तिला टीव्हीवरची अक्षरं दिसत नव्हती," लॉर्ना म्हणाली. "आणि तो नंबर तिचा नाही. तो बिलवाल्या मंडळाचा आहे. सगळ्यांनी तोच लिहून दिलाय, कंपन्यांनी म्हाताऱ्यांना छळू नये म्हणून."

*

बिलवालं मंडळ दर बुधवारी सकाळी सभागृहात भरायचं. चहाचं मोठं भांडं, बिस्किटं, वीसेक म्हातारे आणि रोझलिंड थ्रेलफॉल.

मिसेस थ्रेलफॉलनी अर्ध्या गावाला शाळेत शिकवलं होतं. बर्नडेटलाही. पन्नाशीची बर्नडेट दारातून आत आली आणि बाई म्हणाल्या, "कार्डवेल, खांदे." बर्नडेटनं खांदे ताठ केले आणि तिला स्वतःचाच राग आला.

मंडळाची रीत बाईंनी आनंदानं सांगितली. करार संपला की कंपनी दर वाढवते, कारण तिला ठाऊक असतं की म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. सोडून जाते म्हटलं की ती कमी करते. पण इथल्या माणसाला स्वतःसाठी मागायची लाज. चहात साखर कमी पडली तरी 'छान आहे' म्हणणारी ही माणसं. दुसऱ्यासाठी मात्र तीच वाघासारखी भांडतात. म्हणून जोड्या. तुझा फोन मी करते, तुझं नाव सांगून. माझा तू कर. फोन आतल्या स्वयंपाकघरातून व्हायचा. जिंकलं की भिंतीतली वाढपाची खिडकी उघडून सभागृहाला नवा दर ओरडून सांगायचा.

"आजवर एकही फोन हरलेलो नाही," बाई म्हणाल्या. "पेपरात आलं होतं. वाचलं असशीलच."

"विनिफ्रेडसाठी कोणी केला, बाई?"

"तिची जोडीदार. बेरिल. उत्तम केला. पंचवीसवर आणून ठेवलं."

"कंपनी म्हणते, लाइन तोडायला सांगितलं गेलं."

"मग नंतर विनिफ्रेडनंच काही घोळ घातला असणार."

"फोन एकच झालाय."

"कंपन्या काय वाटेल ते म्हणतात, बर्नडेट." बाईंनी चष्मा पुसला. "वाईट वाटतं बोलायला. पण ती तशी राहिली नव्हती. गळ्यात बटण असताना 'नाही' म्हणायचं, यावरून तूच ओळख. मुलीनं वेळीच बघायला हवं होतं."

बर्नडेटनं मान हलवली. मंडळाचा फोन कुठं असतो, एवढंच विचारलं. स्वयंपाकघरातल्या खणात, बाई म्हणाल्या. सगळ्यांचा आहे.

*

बेरिलनं लगेच कबूल केलं.

आपल्या बैठकीच्या खोलीत, खुर्चीच्या टोकाशी बसून ती म्हणाली की फोन तिनंच केला. काहीतरी चुकीचं बोलली असेल. तिला बोलणं जमत नाही. विनिफ्रेडनं तिच्यासाठी केलेला फोन सगळ्यांना आठवतो. समोरचा मुलगा शेवटी विनिफ्रेडला 'मॅडम' म्हणायला लागला होता. आणि बदल्यात बेरिलनं तिला मारून टाकलं. जे काही लिहायचं ते लिहून टाका.

"त्यानं काय काय विचारलं?"

"जन्मतारीख. परवलीचा शब्द."

"आणि गजराबद्दल तुम्ही काय सांगितलंत?"

"कसला गजर?"

"विनिफ्रेडच्या बटणाचा."

बेरिलनं डोळे मोठे केले. "ते त्यानं विचारलं? नाही हो. मला विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का? किल्ली माझ्याकडे. दर महिन्याला आम्ही दोघी ते दाबून बघायचो. ती कक्षातली मुलगी मला नावानं ओळखते."

तिची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बर्नडेटनं आणखी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर तिनं कंपनीला फोन केला आणि मऊ आवाजाच्या माणसाला सांगितलं की ध्वनिमुद्रण अर्धवट आहे. त्यानं सांगितलं की संबंधित भाग पूर्ण आहे. संबंधित काय ते कोरोनर ठरवतील, ती म्हणाली.

उरलेला भाग आला. अगदी थोडा होता. तो ऐकून तिनं गाडीची काच खाली केली आणि बराच वेळ समुद्राकडून येणारा वारा तोंडावर घेतला.

*

पुढच्या बुधवारी ती लॉर्नाला घेऊन सभागृहात गेली. बेरिल मागच्या रांगेत होती. बाई फळ्यापाशी.

बर्नडेट म्हणाली की विनिफ्रेडच्या मरणाबद्दल सगळ्यांनी एक गोष्ट ऐकावी. बाई म्हणाल्या, ही जागा नव्हे. बर्नडेट म्हणाली, हीच जागा आहे, आणि खुर्ची ओढून मध्ये बसली. उभं राहिलं असतं तर तिचे खांदे पुन्हा ताठ झाले असते.

विनिफ्रेड भ्रमिष्ट नव्हती, तिनं सुरुवात केली. भ्रमिष्ट बाई चुकून तार तोडेल. पण त्याच संध्याकाळी संगणकावर बसून, माहेरचं नाव घालून, स्वतःला नवी ग्राहक म्हणून विकत नाही. डोळ्यांनी दिसत नसताना तर नाहीच. हे ज्यानं केलं त्याला कंपन्यांची खोड नीट ठाऊक होती: जुन्याला लुटायचं, नव्याला ओवाळायचं.

म्हणजे तार तोडणारी व्यक्ती विनिफ्रेडचं वाईट चिंतत नव्हती. तिला दर कमी हवा होता. फोनमध्ये एक शांतता आहे. 'सोडून जाते' म्हणा आणि गप्प बसा, हा इथला नियम. ती व्यक्ती गप्प बसली, समोरचा विनवण्या करील म्हणून. पण तो नवा होता, किंवा दमलेला होता, किंवा त्याला सांगितलेलंच तसं होतं. तो म्हणाला, ठीक आहे. दुसरी शांतता त्यानंतरची. एवढंच म्हणायचं होतं की थांब बाबा, मी नुसतं म्हटलं. जगात कुठंही माणूस हे म्हणाला असता. आपण म्हणत नाही.



मग त्यानं गजराचं विचारलं. तिथं तरी सुटका होती. 'हो' म्हटलं असतं तर लाइन तुटलीच नसती. उत्तर आलं, नाही.

"बेरिल म्हणते, तिनं फोन केला. पण गजराचा प्रश्न झाला होता हेच तिला माहीत नाही. तो प्रश्न आणि ते उत्तर कोणाला माहीत असणार? कंपनीला, मला, लॉर्नाला. आणि जिनं उत्तर दिलं तिला." बर्नडेट फळ्याकडे वळली. "मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, बाई. तुम्हीच मला सांगितलंत. गळ्यात बटण असताना ती 'नाही' म्हणाली, म्हणून."

"पेपरात होतं," बाई म्हणाल्या.

"पेपरात बटण होतं. 'नाही' नव्हतं."

"बेरिल स्वतः कबूल करते आहे."

बेरिल मागून उभी राहिली. उभं राहायला तिला वेळ लागला. "मी दोन वाक्यं बोलले," ती म्हणाली. "मग माझी जीभ अडकली, तर यांनी फोन घेतला माझ्याकडून आणि माझ्यासारखाच कापरा आवाज काढून विनी म्हणून बोलायला लागल्या. समोरचा काय म्हणतोय ते मला ऐकू येत नव्हतं. मग यांनी खिडकी उघडली आणि माझा हात वर धरला. सगळे माझ्याकडे बघत होते. मला कधी कोणी तसं…" ती खाली बसली. "मला सांगायला हवं होतं की मी नाही केलं."

बर्नडेटनं टेबलावर यंत्र ठेवून कळ दाबली. तारखेनंतरचा भाग. कंपनीचा मुलगा अजून बोलत होता, आपण इतकी वर्षं आमच्यासोबत राहिलात त्याबद्दल आभार. त्याच्यावरून दुसरा आवाज आला, तोंड फोनपासून दूर नेलेलं, कापरा नाही, बारीक नाही, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा: "पंचवीसवर आणलं बेरिलनं!" आणि टाळ्या. खूप टाळ्या. त्यांच्याखाली मुलगा विचारत होता, हॅलो, मिसेस गॉर्स्ट, तुम्ही आहात का?

आवाज कोणाचा हे कोणाला विचारावं लागलं नाही. तो दर बुधवारी इथंच घुमायचा, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मुलांनी तो शाळेत छडीबरोबर ऐकला होता.

"तुम्ही ठरवलंत," बर्नडेट म्हणाली, "की विनिफ्रेडला नवी ग्राहक करून टाकू. दर जवळपास तोच पडेल, कोणाला कळणार नाही. मधे थोडे दिवस लाइन नसेल. लाइन बंद होणार म्हणून कंपनीचे निरोप मंडळाच्या फोनवर येत राहिले. बैठक संपली की तो तुमच्या पिशवीतून घरी जातो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. खण फक्त बुधवारपुरता. तुम्ही ते वाचलेत आणि तिला सांगितलं नाहीत. सांगितलं असतं, तर एक फोन हरला हेही सांगावं लागलं असतं."

"मला बटणाचं माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

लॉर्ना पहिल्यांदाच बोलली. "खरंच नव्हतं?"

मिसेस थ्रेलफॉलनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर मुलांना समजावून सांगितलेल्या आवाजात त्यांनी समजावून सांगितलं.

"हे बघ लॉर्ना. 'हो' म्हटलं की फोन दुसऱ्या टेबलावर जातो. आजारी माणसांच्या. तिथली माणसं फार गोड बोलतात. पण दर कमी करायचा अधिकार त्यांना नसतो. तुझ्या आईला अठ्ठेचाळीसच भरावे लागले असते."

हॉलमध्ये चहाचं भांडं उकळत होतं. कोणीतरी उठून ते बंद केलं.

बाईंवर खटला होईल का, एका म्हाताऱ्यानं विचारलं. बहुतेक नाही, बर्नडेट म्हणाली. दुसऱ्याचं नाव सांगून फोन करणं चूक आहे, पण ते इथं बसलेल्या प्रत्येकानं केलंय. कंपनीनं नियम पाळले. कक्षानं नियम पाळले. कोरोनर एवढंच लिहितील की मृत स्त्री शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि तिनं मदत मागितली होती.

"पुरे," लॉर्ना म्हणाली. "तेवढंच हवं होतं." पण ती उठली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली, कारण तेवढं हातात आल्यावर त्याचं काय करायचं हे तिला कळेना: आई शहाणी होती, आणि शहाणी आई शुद्धीवर असताना ते बटण दाबत राहिली होती.

बेरिल तिच्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आली, आणि बसायची परवानगी मागायचं तिला सुचेना म्हणून उभीच राहिली.

महिन्यापूर्वीच्या त्या बुधवारी, फोन झाला तेव्हा, विनिफ्रेड गॉर्स्ट पुढच्या रांगेत बसलेली होती. सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या तिनं वाजवल्या.